विद्यापीठाचें घर आणि विद्यापीठाचें दार

ज्युबिलीच्या निमित्तानें निघणाऱ्या स्मरणिकेंत धर्मग्रामांतील पदवीधरांचें कौतुक करण्याची चाल आपल्याकडे फार दिवसांची आहे. कोणाचा मुलगा बी. ए. झाला, कोणाची कन्या डॉक्टर झाली, हें आपण आवडीनें वाचतों. आणि पुष्कळ घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्राशेजारीं काळा झगा व चौकोनी टोपी घातलेल्या मुलामुलींचें छायाचित्रही टांगलेलें दिसतें. हा शेजार अगदींच अयोग्य नाहीं. तो काळा झगा मुळांत धर्मसेवकांच्या पोषाखापासून निघालेला आहे. ज्या काळीं विद्यापीठें जन्मास आलीं त्या काळीं विद्यार्थी हा धर्मसेवकांच्याच वर्गांत मोडत असे. तो झगा आपल्या मुलांच्या अंगावर कसा आला, वाटेंत तो कोणाकोणाला नाकारण्यांत आला, आणि तो मिळतांना काय सांडलें, हें थोडक्यांत सांगावें असा आमचा विचार आहे. आठशें वर्षांचा इतिहास चार पानांत मावणार नाहीं. म्हणून एकच प्रश्न हातीं धरून चालतों. विद्यापीठाचें दार कोणास उघडें होतें, आणि आंत गेलेल्यास तेथें घर मिळे कीं नाहीं?

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'युनिव्हर्सिटी' हें नांव ज्या लॅटिन शब्दापासून आलें, त्या 'उनिव्हेर्सितास' शब्दाचा अर्थ सर्व विद्यांचें भांडार असा नव्हता. एका धंद्याच्या लोकांनीं शपथ घेऊन बांधलेला संघ, एवढाच त्याचा अर्थ. चांभारांचा असा संघ असे, कापडवाल्यांचा असे. तसाच बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस शहरीं शिकविणाऱ्या गुरूंचा संघ झाला, आणि इटलींतील बोलोन्या शहरीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे संघ झाले. त्या विद्यापीठाला इमारत नव्हती, मैदान नव्हतें, घड्याळाचा मनोरा नव्हता. गुरु भाड्याच्या खोलींत शिकवी. मोठी सभा भरवावयाची तर ती एखाद्या चर्चमध्यें भरे. त्यामुळें रागावलेलें विद्यापीठ उठून चालूं लागे! इ. स. १२०९ मध्यें ऑक्सफर्डच्या गांवकऱ्यांशीं तंटा होऊन कांहीं गुरुशिष्य निघून गेले, ते केंब्रिजला जाऊन राहिले, आणि तेथें दुसरें विद्यापीठ उभें राहिलें. आजच्या विद्यापीठाला आपली एखादी कचेरी रस्त्याच्या पलीकडे हलवावयाची म्हटली तरी किती समित्या बसतात, हें वाचकांस ठाऊकच आहे.

या संघांत गरिबाला जागा होती काय? होती, आणि ती रहावी म्हणून ख्रिस्तसभेनें आग्रह धरला होता. त्या काळच्या धर्मशास्त्र्यांचें मत असें कीं, ज्ञान ही परमेश्वराची देणगी आहे, आणि देणगी म्हणून मिळालेली वस्तु विकतां येत नाहीं. ११७९ सालीं पोप तिसरे अलेक्झांडर यांनीं रोम येथें भरविलेल्या तिसऱ्या लॅटरन महासभेनें ठराव केला कीं, प्रत्येक कॅथीड्रलनें एका गुरूच्या चरितार्थाची सोय करावी, त्यानें त्या चर्चच्या सेवकांस व गरीब विद्यार्थ्यांस फुकट शिकवावें, आणि शिकविण्याचा परवाना देतांना कोणी पैसा मागूं नये. ठराव झाला म्हणजे आचरण झालें असें नव्हे. परवान्यासाठीं पैसा पुष्कळ ठिकाणीं मागितला गेला, आणि गुरूंनाही पोट होतेंच. तरी पण विद्या विकणें हें पाप आहे ही टोंचणी त्या युगाच्या मनांत होती. आणि टोंचणी असली म्हणजे कोणीतरी कांहीं करावयास उठतो.

असाच एक गृहस्थ उठला. ११८० सालीं जोसियस नांवाचा एक लंडनकर यरुशलेमची यात्रा करून परततांना पॅरिसला उतरला. नोत्र दाम कॅथीड्रलच्या शेजारीं गोरगरिबांचें एक रुग्णालय होतें, आणि त्यांतील एका खोलींत गरीब विद्यार्थ्यांस निजावयास जागा देण्याची जुनी वहिवाट होती. जोसियसनें ती खोली पाहिली, रुग्णालयाकडून विकत घेतली, आणि अठरा विद्यार्थ्यांस कायमची लावून दिली. अठरा बिछाने, आणि दानपेटींत पडणाऱ्या भिक्षेंतून दरमहा थोडीं नाणीं, एवढी त्यांची तरतूद. मोबदल्यांत त्यांनीं काय करावयाचें? रुग्णालयांत कोणी मेलें तर त्याच्या प्रेतापुढें पाळीपाळीनें क्रूस व आशीर्वादित पाणी घेऊन चालावयाचें, आणि रोज रात्रीं ठरलेलीं स्तोत्रें म्हणावयाचीं. 'अठरांचें कॉलेज' याच नांवानें ती जागा पुढें ओळखली जाऊं लागली. युरोपांतील कॉलेज या संस्थेचा आरंभ शोधूं गेलें असतां आपण पोंचतों तें या रुग्णालयांतील खोलीपाशीं. आजारी माणसाच्या भिंतीला भिंत लावून विद्यार्थी रहात असे, आणि त्याच्या अभ्यासाच्या वेळापत्रकांत बेवारशी प्रेताला पोंचविण्याचें काम होतें, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

बोलोन्याचा प्रकार निराळा. तेथें कायदा शिकावयास आलेले विद्यार्थी वयानें मोठे, पैशानें बरे आणि बहुतेक परमुलखांतले. परक्या शहरांत घरमालक व खाणावळवाले लुटीत, म्हणून त्यांनीं संघ केले. आणि मग त्याच हत्यारानें गुरूंनाही वठणीवर आणलें. गुरूचें वेतन विद्यार्थी वर्गणी करून देत. तेव्हां हुकूमही विद्यार्थ्यांचाच. घंटेनंतर गुरु आला तर दंड. कठीण भाग गाळून पुढें गेला तर दंड. व्याख्यानास पांच श्रोतेही जमले नाहींत तर तो गैरहजर समजून दंड. शहराबाहेर जावयाचें तर रजा काढून, आणि परत येण्याबद्दल अनामत ठेवून! आमच्या वाचकांत जे शिक्षक असतील त्यांनीं हा परिच्छेद आपल्या विद्यार्थ्यांस दाखवूं नये.

पॅरिसला मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतांना येई आणि पुष्कळदां केंस पिकूं लागेपर्यंत राही. पोपचे प्रतिनिधि रोबेर द कूर्सों यांनीं १२१५ सालीं नियम घालून दिले कीं, वयाचीं एकवीस वर्षें व अभ्यासाचीं सहा वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणीं कलाशाखेंत शिकवूं नये, आणि ईशज्ञान शिकविणाराचें वय पस्तीसांच्या खालीं नसावें. शिक्षणाची भाषा सर्वत्र लॅटिन; त्यामुळें पोलंडचा मुलगा, सिसिलीचा मुलगा व स्कॉटलंडचा मुलगा एकाच गुरूपुढें बसूं शकत. बसत ते बाकावर नव्हे, तर जमिनीवर गवत पसरून. पॅरिसच्या एका गल्लीला त्या गवतावरूनच नांव पडलें आहे आणि तें आजही चालतें. पुढें श्रीमंतांच्या मुलांस बाकांची चटक लागली, तेव्हां पोप पांचवे उर्बन यांच्या प्रतिनिधींनीं १३६६ सालीं बजावलें कीं, विद्यार्थ्यांनीं जमिनीवरच बसावें, म्हणजे अंगीं गर्व शिरणार नाहीं.

पुस्तकें हातानें लिहिलेलीं आणि महाग. म्हणून अधिकृत प्रतीचे सुटे भाग करून ते पुस्तकविक्यानें भाड्यानें द्यावे, विद्यार्थ्यानें एक भाग नेऊन उतरून घ्यावा, तो परत करून दुसरा न्यावा, अशी व्यवस्था होती. गुरु ग्रंथ वाची, अर्थ सांगे; आणि नंतर वाद होई. हा वाद त्या शिक्षणाचा प्राण होता. एका बाजूनें विधान मांडावयाचें, दुसऱ्यानें त्यावर आक्षेप आणावयाचे, आणि शेवटीं गुरूनें निर्णय द्यावयाचा. आगमनकाळांत व प्रायश्चित्तकाळांत तर याहून मोठी सभा भरे. तींत कोणींही, कोणत्याही विषयावर, गुरूला प्रश्न विचारावा अशी मुभा असे. संत थॉमस अ‍ॅक्विनस यांनींही अशा सभांस तोंड दिलें आहे. त्यांनीं दिलेले निर्णय ग्रंथरूपानें उपलब्ध आहेत. त्यांचें 'ईशज्ञानसार' उघडणारास दिसेल कीं, तेथें प्रथम विरुद्ध पक्षाचे आक्षेप मांडलेले असतात आणि मागून स्वमत. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्यापेक्षांही नीट मांडून मग खोडावें, ही संवय या वादसभांत अंगीं मुरली. लेखी परीक्षा, गुणांची यादी, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, यांतलें त्या काळीं कांहींच नव्हतें. उमेदवार पदवीस योग्य आहे कीं नाहीं हें त्याला वर्षानुवर्षें ओळखणारे गुरु ठरवीत.

तेथें सारे संतच नांदत होते, अशी मात्र कोणीं समजूत करून घेऊं नये. १२२९ सालच्या कार्निव्हलांत पॅरिसबाहेरील सेंट मार्सेल वस्तींत कांहीं विद्यार्थी दारूच्या किंमतीवरून खाणावळवाल्याशीं भांडले, आणि शेजाऱ्यांनीं त्यांस चोप दिला. दुसऱ्या दिवशीं ते काठ्या घेऊन, आणखी मित्र घेऊन गेले, आणि त्यांनीं दुकानें फोडलीं, रस्त्यांतल्या लोकांसही झोडपलें. राज्यकारभार पाहणारी राणी ब्लांश हिनें शिक्षेचा हुकूम दिला. शिपायांनीं गांठलें तें दुसऱ्याच विद्यार्थ्यांस, आणि त्यांतले कित्येक ठार झाले. गुरूंनीं दाद मागितली, ती लागली नाहीं. तेव्हां त्यांनीं पाठ बंद केले आणि विद्यापीठ शब्दशः उधळून गेलें : कोणी तुलूझला, कोणी ऑर्लेआंला, आणि इंग्लंडच्या राजानें बोलावणें धाडल्यावर कोणी ऑक्सफर्डला. दोन वर्षें पॅरिस ओस पडलें. अखेरीस पोप नववे ग्रेगरी, जे स्वतः पॅरिसचे विद्यार्थी होते, मध्यें पडले. एप्रिल १२३१ मध्यें त्यांनीं जें फर्मान काढलें त्यांत विद्यापीठाला आपले नियम आपण करण्याचा, आणि अन्याय होऊन दाद न लागल्यास पाठ बंद ठेवण्याचा हक्क मान्य केला. संपाचा हक्क पोपमहाराजांच्या शिक्क्यानिशीं मिळालेला पाहून आजचे विद्यार्थीही चकित होतील!

आतां घराची गोष्ट. रोबेर द सोर्बों हा गरीब घराण्यांतला मुलगा शिकून धर्मगुरु झाला आणि फ्रान्सचा राजा संत लुई याचा चॅपलिन बनला. राजाच्या पंक्तीस बसणारा हा मनुष्य आपले उपाशी दिवस विसरला नाहीं. ईशज्ञान शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठीं १२५७ च्या सुमारास राजाच्या मदतीनें त्यानें एक घर केलें. एकत्र जेवावें, एकत्र प्रार्थना करावी, एकाच ग्रंथसंग्रहांतून वाचावें, अशी तेथली रीत. त्या घराचें नांव संस्थापकावरून सोर्बोन पडलें, आणि पुढें सगळ्या पॅरिस विद्यापीठालाच लोक सोर्बोन म्हणूं लागले. इंग्लंडांतही अशीं कॉलेजें निघालीं. जर्मन विद्यापीठांच्या पटांत एखाद्या नांवापुढें 'गरीब' एवढाच शेरा मारलेला आढळतो. तो असला म्हणजे प्रवेशाची फी माफ.

परंतु गरिबांसाठीं बांधलेलें घर गरिबांकडे रहातें असें नाहीं. देणग्या वाढल्या, जमिनी वाढल्या, आणि दोन-तीन शतकांत इंग्लंडच्या कॉलेजांत जमीनदारांचीं मुलें वरच्या टेबलावर बसूं लागलीं. गरीब विद्यार्थी आंत होता, पण तो आतां त्यांच्या पंक्तींत वाढणारा झाला. या सेवक-विद्यार्थ्यांचा एक निराळा वर्गच ठरलेला होता. न्यूटन १६६१ सालीं केंब्रिजला दाखल झाला तो याच वर्गांत. आणि स्त्रीला तर या सर्व घरांत कोठेंच जागा नव्हती. १६७८ सालीं पादुआ येथें एलेना कोर्नारो पिस्कोपिया या व्हेनिसच्या विदुषीस तत्त्वज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळाली, हें मोठें आश्चर्य मानलें गेलें; पण तिला परीक्षा द्यावयाची होती ईशज्ञानाची, आणि ती परवानगी तेथल्या बिशपांनीं नाकारली. आमच्या ख्रिस्तसभेच्या गौरवाच्या गोष्टी सांगतांना ही गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे.

पंधराव्या शतकांत छापखाना आल्यावर सोळाव्या शतकापर्यंत ग्रंथ स्वस्त झाले, आणि पुस्तक उतरून घेण्याचे कष्ट संपले. त्याच शतकांत संत इग्नेशियस यांच्या येशूसंघानें शाळा-कॉलेजें काढावयास आरंभ केला. १५५१ सालीं रोममध्यें जें कॉलेज उघडलें, त्याच्या दारावर व्याकरण, वाङ्मय व ख्रिस्ती तत्त्वें येथें शिकविलीं जातात एवढें लिहून पुढें एकच शब्द होता : फुकट. लॅटरन महासभेचा ठराव पावणेचारशें वर्षांनीं पाटीवर आला म्हणावयाचा. त्याच कॉलेजाचें आज ग्रेगोरियन विद्यापीठ झालें आहे. येशूसंघाचें सेंट पॉल कॉलेज गोव्यांत उभें राहिलें, आणि १५५६ सालीं हिंदुस्थानांतील पहिला छापखाना तेथेंच चालूं झाला. वसईच्या किल्ल्यांत गेलेल्या वाचकांनीं त्याच संघाच्या तेथील कॉलेजाच्या पडक्या भिंती पाहिल्या असतीलच. आमच्या भाषेंत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले ते याच संघाचे. ते जन्मानें इंग्रज. पण कॅथोलिक असल्यामुळें स्वदेश सोडून रोमला गेले, आणि तेथून आपल्याकडे.

स्टीफन्स यांच्या मायदेशीं काय चाललें होतें तें पाहिल्यावांचून मुंबईच्या विद्यापीठाचा जन्म कळणार नाहीं. १५८१ पासून ऑक्सफर्डला नांव घालतांनाच विद्यार्थ्यास इंग्लंडच्या राजधर्माच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. कॅथोलिक सही करीना. मग त्याला दार बंद. केंब्रिजला शिकतां येई, पण पदवीच्या वेळीं तीच अडचण. ज्या विद्यापीठांचा पाया कॅथोलिक दात्यांनीं घातला, त्यांच्या पायरीवरून कॅथोलिक मुलगा परत फिरे. यहुदी आणि राजधर्माबाहेरचे प्रॉटेस्टंटही तसेच परत फिरत. अडीचशें वर्षें असें चाललें. शेवटीं या बाहेर ठेवलेल्या लोकांसाठीं लंडनमध्यें १८२६ सालीं एक कॉलेज स्थापन झालें, जेथें धर्म विचारला जात नसे. प्रतिपक्षानें राजधर्माचें दुसरें कॉलेज काढलें. पदव्या कोणीं द्यावयाच्या यावर तंटा झाला. तेव्हां १८३६ सालीं सरकारनें एक युक्ति काढली : लंडन विद्यापीठ म्हणून एक तिसरीच संस्था निर्माण केली, जी शिकवीत नाहीं, कोणास रहावयास जागा देत नाहीं, फक्त परीक्षा घेते आणि पदवी देते. युक्ति नामी होती. उत्तरपत्रिकेला धर्म नसतो. दार उघडलें, पण त्या दाराच्या आंत घर नव्हतें.

या युक्तीवर सर्वांत मोठी टीका ज्यानें केली तो मनुष्य कॅथोलिकच होता. जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डचे नामांकित पंडित. १८४५ सालीं ते कॅथोलिक झाले आणि त्यांचें प्रिय ऑक्सफर्ड त्यांना सोडावें लागलें. १८५२ सालीं डब्लिन येथें त्यांनीं विद्यापीठ म्हणजे काय यावर व्याख्यानें दिलीं. त्यांत ते म्हणतात त्याचा भावार्थ असा कीं, एक विद्यापीठ कोणालाही, कोठेंही राहिलेल्याला, पुष्कळ विषयांची परीक्षा घेऊन पदवी देतें, आणि दुसरें कांहीं न शिकवितां व परीक्षा न घेतां नुसतें तरुणांस तीन-चार वर्षें एकत्र रहावयास ठेवतें. या दोहोंपैकीं एकच निवडा म्हटलें, तर मी दुसरें निवडीन. कारण एकत्र रहाणारे तरुण एकमेकांपासून शिकतात. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, ज्या दारानें त्यांच्या धर्मबंधूंना आंत घेतलें त्याच दाराविषयीं ते हें बोलत होते. अशा माणसाला प्रामाणिक म्हणावें. न्यूमन यांस २०१९ सालीं संतपद मिळालें, आणि २०२५ च्या सर्व संतांच्या सणीं पोप चौदावे लिओ यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें.

१८५४ हें साल या कथेंत मोठ्या योगायोगाचें आहे. त्या एका वर्षांत ब्रिटिश पार्लमेंटनें ऑक्सफर्डच्या प्रवेशाची व पहिल्या पदवीची धर्मशपथ उठविली. न्यूमन यांचें कॅथोलिक विद्यापीठ डब्लिनला उघडलें. आणि सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणाविषयींचा खलिता हिंदुस्थानांत आला. या खलित्यानें येथें विद्यापीठें स्थापण्यास सांगितलें आणि नमुना म्हणून बोट दाखविलें तें लंडनच्या परीक्षामंडळाकडे. त्याप्रमाणें १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीन विद्यापीठें कायद्यानें जन्मलीं. म्हणजे आमच्या मुंबईच्या विद्यापीठाचा साचा तयार झाला तो इंग्लंडांत दाराबाहेर ठेवलेल्या कॅथोलिकांच्या, यहुद्यांच्या व इतरांच्या अडचणींतून! ही हकीगत आमच्या समाजांत फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून आम्हीं ती विस्तारानें सांगितली.

साच्याचे गुण आले, तसे दोषही आले. मुंबई विद्यापीठानें जात पाहिली नाहीं, धर्म पाहिला नाहीं. १८६२ सालीं पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पण पहिलीं साठ वर्षें हें विद्यापीठ स्वतः शिकवीत नव्हतें; समाजशास्त्राचा विभाग काढून शिकविण्यास आरंभ केला तो १९१९ सालीं. शिकवावयाचें तें कॉलेजांनीं. १८६९ सालीं येशूसंघानें मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज काढलें. १९४० सालीं मुलींसाठीं सोफिया कॉलेज निघालें. पदवी विद्यापीठाची, पण घर जें कांहीं मिळालें तें कॉलेजाचें आणि त्याच्या वसतिगृहाचें. ज्यांना वसतिगृह मिळालें नाहीं, त्यांना पाठ्यपुस्तक, परीक्षेची तारीख आणि निकालाचें वर्तमानपत्र एवढेंच विद्यापीठ दिसलें. पॅरिसच्या वादसभेची जागा अपेक्षित प्रश्नांच्या वहीनें घेतली. गुरूला प्रश्न विचारण्याचा हक्क गेला, आणि प्रश्न विचारणारा परीक्षक कोण हेंही कळेनासें झालें. लॅटिनच्या जागीं इंग्रजी आली. तीही अनेक प्रांतांच्या मुलांस एकत्र बसविणारी आणि गांवांतल्या मुलाला घाम फोडणारी. आपल्या मराठीला वरच्या परीक्षांत स्थान मिळावें म्हणून त्याच रानड्यांस शेवटपर्यंत झटावें लागलें.

नुसत्या परीक्षेचा तिरस्कार करणें सोपें आहे. म्हणून कॉर्नेलिया सोराबजी या बाईंची हकीगत ध्यानांत ठेवावी. त्यांचा जन्म १८६६ सालीं नाशिकचा, घर ख्रिस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मुलांच्या वर्गांत बसून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. पुढें त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालीं कायद्याच्या परीक्षेस बसल्या. परंतु जेथें घर होतें, भोजनगृह होतें, गुरुशिष्यांचा सहवास होता, त्या ऑक्सफर्डनें स्त्री म्हणून त्यांस पदवी दिली नाहीं. ती हातीं पडली १९२२ सालीं, तीस वर्षांनीं. केंब्रिजनें तर स्त्रियांस पूर्ण पदवी दिली १९४८ सालीं. आणि आमचें रुक्ष, बिनघराचें, परीक्षा घेणारें मुंबई विद्यापीठ या बाबतींत त्यांच्या कितीतरी पुढें होतें.

याच काळांत जर्मनींत आणखी एक पालट झाला. १८१० सालीं बर्लिन येथें नवें विद्यापीठ निघालें. त्यानें असें धरलें कीं, गुरूचें काम जुनें ज्ञान सांगणें एवढेंच नसून नवें शोधणें हेंही आहे. प्रयोगशाळा, संशोधन, प्रबंध लिहून मिळणारी डॉक्टर पदवी, हें आजचें सारें वैभव तिकडून आलें. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

आतां आजची स्थिति. सरकारी पाहणीप्रमाणें २०२१-२२ सालीं भारतांत उच्च शिक्षण घेणारांची संख्या ४ कोटी ३३ लाखांच्या आसपास होती, आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. जोसियसच्या अठरा बिछान्यांपुढें ही संख्या समुद्रासारखी आहे. आणि ज्या मुलींना पादुआ-ऑक्सफर्डनें थोपवून धरलें त्या निम्म्याच्या जवळ आल्या, याचा आनंद कोणाला होणार नाहीं? दार इतकें रुंद झालें कीं आतां दारापर्यंत जाण्याचेंही कारण उरलें नाहीं. १९८५ सालीं इंदिरा गांधी यांच्या नांवाचें, आणि १९८९ सालीं नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नांवाचें मुक्त विद्यापीठ निघालें. शेतावर किंवा कारखान्यांत काम करून घरबसल्या पदवी घेणारीं माणसें आपल्याही ओळखींत आहेत. २०२० सालच्या साथींत तर सर्वच विद्यापीठें घरबसलीं झालीं, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत तीन भावंडांनीं एका मोबाइलवर पाळीपाळीनें पाठ ऐकले.

पण लॅटरन महासभेची टोंचणी आज कोठें आहे? खासगी वैद्यकीय किंवा तंत्रशिक्षणाची जागा लाखांच्या भाषेंत बोलली जाते. बाप जमीन गहाण ठेवतो किंवा मुलगा पदवी हातीं येण्याआधींच बँकेचा कर्जदार होतो. बोलोन्याचा विद्यार्थी पैसे देई तेव्हां गुरूला दंडही करी. आजचा विद्यार्थी पैसे देतो, पण तो हक्क त्याला नाहीं. आणि पॅरिसच्या गरिबाची मोफत जागाही त्याला नाहीं. दोन्ही पद्धतींतलें नेमकें ओझें तेवढें आपण उचललें, असें आमचें मत झालें आहे. गांवाकडून मुंबई-पुण्यास आलेल्या मुलाची पहिली अडचण अभ्यास ही नसते; निजावें कोठें आणि दोन वेळां जेवावें कोठें, ही असते. ११८० सालींही हीच होती.

शेवटीं पुन्हां पॅरिसलाच जातों. १८३१ सालीं लियों शहराचा एक अठरा वर्षांचा मुलगा कायदा शिकावयास तेथें आला. शहर परकें, विद्यापीठांत कॅथोलिक धर्माची टवाळी चाललेली, आणि पहिल्या बिऱ्हाडांत त्याचा जीव रमेना. सुदैवानें विजेच्या शोधांबद्दल जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ आंपेर यांची त्याच्याशीं ओळख झाली, आणि त्या वृद्ध गृहस्थानें त्याला आपल्याच घरीं एक खोली व पंक्तीस जागा दिली. मुलाचें नांव फ्रेदेरिक ओझानाम. पुढें विद्यार्थ्यांच्या एका वादसभेंत कोणींतरी त्याला टोमणा मारला कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, आज तुम्ही काय करतां? उत्तर वादानें देण्याजोगें नव्हतें. १८३३ च्या एप्रिलांत ओझानाम व त्याचे थोडे सोबती एकत्र जमले, आणि सिस्टर रोझाली रांदू यांनीं दाखविलेल्या गरिबांच्या बिऱ्हाडीं पाव व सरपण घेऊन जाऊं लागले. जेथें सहाशें वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं दारूच्या पैशावरून दंगा केला होता, त्याच बाजूची ती वस्ती. या विद्यार्थ्यांच्या मंडळीस त्यांनीं सेंट व्हिन्सेंट द पॉल यांचें नांव दिलें. ओझानाम पुढें सोर्बोनला परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला, आणि १८५३ सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वारला. १९९७ च्या ऑगस्टांत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्याला धन्यवादित म्हणून घोषित केलें तें नोत्र दाम कॅथीड्रलांत, ज्याच्या शेजारीं त्या अठरा विद्यार्थ्यांची खोली होती.

त्याच सेंट व्हिन्सेंट द पॉल मंडळीची शाखा आपल्या धर्मग्रामांत आहे. दर जून महिन्यांत वह्या-पुस्तकांसाठीं आणि कॉलेजच्या फीसाठीं रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दाराशीं जी पेटी फिरते, ती तिचीच.